सिक्रीचा पाद्री आणि कुंकळ्ळीच्या छत्र्या

अनघा (बी-३०४): फत्तेपूर सिक्री बघून आले. अकबराचा इबादतखाना, म्हणजे धर्मचर्चेची जागा, १५७५ चा. सुरुवातीला फक्त मुसलमान विद्वान यायचे आणि कोणी कुठे बसायचं यावरूनच भांडायचे. मग त्याने बाकीच्या धर्मांनाही दारं उघडली.

शहा काका (ए-१०२): आमचे हीरविजय सूरी गुजरातेतून चालत गेले होते. जैन साधू वाहनात बसत नाहीत. १५८३ मध्ये पोचले. पर्युषणात प्राणिहत्या थांबवण्याचं फर्मान त्यांच्यामुळे निघालं.

समीर (सी-२०१): नवसारीचे दस्तुर मेहेरजी राणाही गेले होते ना?

शहा काका: हो, पारशांकडून तेच.

नाईक काकू (बी-५०१): आमच्या गोव्यातूनही गेले होते. अकबराने माणूस पाठवून पाद्री मागवले. रोदोल्फो अक्वाविवा, मोन्सेरात आणि दुभाषी एन्रीकेस १५८० मध्ये सिक्रीला पोचले. त्यांनी बायबलचे खंड भेट दिले, तर बादशहाने पगडी उतरवून ते डोक्याला लावले. अक्वाविवा तीन वर्षं तिथे राहिला. रोज वाद घालायचा, पण कोणी त्याच्या केसालाही धक्का लावला नाही.

अनघा: मग पुढे?

नाईक काकू: गोव्यात परतला आणि २५ जुलै १५८३ ला दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावात मारला गेला. पोर्तुगीजांनी तिथली देवळं पाडली-जाळली होती आणि तो धरून पाच जेझुइट, म्हणजे ख्रिस्ती मिशनरी, चर्चसाठी जागा बघायला आले. गाव उठलं. मग पोर्तुगीजांनी गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करू म्हणून जवळच्या असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापलं. एकच नदीत उडी टाकून वाचला, असं सांगतात. सिक्रीतही बोलायलाच बोलावलं होतं, पण तिथे बोलावणारा ऐकत बसायचा. मला हा फरक फार लागतो.

समीर: काकू, हे शाळेत कुठेच नव्हतं.

नाईक काकू: कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा तेव्हा फातर्पा गावी हलवली. पण दर फाल्गुनात ती कुंकळ्ळीला येते, बारा वांगडांच्या बारा छत्र्या घेऊन. वांगड म्हणजे मूळ घराणी. त्यातली कित्येक घरं आज ख्रिस्ती आहेत, तरी आपला वांगड कोणता ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. तीही मिरवणुकीत असतात, गुलालाने लाल झालेली. चारशे वर्षांत कोणी परिषद भरवली नाही की ठराव केला नाही.

अनघा: मला बघायचंय हे. पुढच्या फाल्गुनात तुमच्याबरोबर येऊ?

नाईक काकू: ये गो. जुने कपडे आण, तो गुलाल धुतला तरी जात नाही.