टूव्हिक्सला मारलं की दोघांना वाचवलं?

ढेकूळ (परभणी)

परवा एका भावानं 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अंतराळजहाजाच्या मालिकेतल्या 'टूव्हिक्स' भागावर, म्हणजे कॅप्टन जेनवे टूव्हिक्सला संपवून दोन माणसं परत आणते त्या भागावर, चार ओळी टाकल्या. "जेनवेनं थंड डोक्यानं खून केला. विषय संपला. जे तिची बाजू घेतात त्यांच्या घरचं मी पाणीसुद्धा पिणार नाही." त्याला ढिगानं लाइक. तिथं उत्तर लिहायला बसलो तर ते वाढतच गेलं, म्हणून इथं टाकतोय.

पाणी नका पिऊ भाऊ. आमच्याकडं तसंही चार दिवसांआड येतं.

पण विषय संपला कसा? मे १९९६ मधला भाग, लोक अजून त्याच्यावर भांडतायत. मी पाहिला लॉकडाउनमध्ये, आणि त्या रात्री जेवलो नाही, हे आधीच कबूल करतो. शेवटी जेनवे एकटी जहाजावरच्या दवाखान्यातून बाहेर पडते, चालत राहते, तोंडावर नेमकं काय आहे ते कळत नाही, आणि भाग संपतो. पुढच्या आठवड्यात कुणी त्याचं नावही काढत नाही. एवढं सगळं पाहून मी तिच्या बाजूचा आहे.

कारण जहाजावरचे टूव्हॉक आणि नीलिक्स मेले नव्हते. झाडंझुडपं गोळा करायला गेले, परत आणताना ट्रान्सपोर्टरमध्ये (माणसाला क्षणात इकडून तिकडं पोचवणारं यंत्र) त्यातल्या ऑर्किडमुळं दोघं एकात मिसळले. टूव्हिक्स म्हणून जो उतरला त्याला दोघांच्याही आठवणी, एकाची शिस्त, दुसऱ्याची स्वयंपाकाची हौस. गडी चांगला, मान्य. पण टूव्हॉकची बायको-पोरं घरी वाट बघतायत, सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब. केस (नीलिक्सच्या मैत्रिणीचं नाव आहे, कोर्टातली नव्हे) कॅप्टनपुढं रडली, मला नीलिक्स परत पाहिजे म्हणून. डॉक्टरला दोघं वेगळे काढायचा उपाय सापडला. आता तुम्ही कॅप्टन. दोन माणसं परत येतायत आणि तुम्ही म्हणणार, राहू द्या, याला इथं करमायलंय?

माझा थोरला भाऊ आठ वर्षं पुण्याला कंपनीत होता. त्याची खोली आम्ही भाच्याला दिली, शिकायला राहिला होता. कंपनी बंद पडली, भाऊ बायको-लेकरांसकट घरी. भाच्यानं तोंड पाडलं, दोन दिवस धड जेवला नाही. म्हणून काय भावाला ओसरीवर झोपवायचं? ज्याची जागा त्याला.

उदगीरचा_पोऱ्या

भाच्याला खोलीतून काढलाव का जगातून? तेवढं सांगा, मग पुढचं वाचतो.

स्टेथो_आणि_चहा (लातूर)

भाच्याची गोष्ट राहू द्या. मी भूल देते. टेबलावरचा पेशंट शुद्धीवर आहे, बोलतोय, मला जगायचंय म्हणतोय. अशा माणसाला मी हात लावणार नाही, पलीकडं दहा जीव वाचणार असले तरी. जहाजावरच्या डॉक्टरनंही तेच केलं. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध त्याचा जीव घेणार नाही म्हणून मागं सरकला. तो तर हाडामांसाचाही नाही, होलोग्राम! अख्ख्या जहाजात शपथ आठवली ती उजेडाच्या बाहुल्याला. मग जेनवेनं उपकरण स्वतःच्या हातात घेतलं.

कुणीतरी इंग्लंडच्या जुळ्यांचा दाखला देणारच, म्हणून मीच देते. २००० साली तिथल्या अपील न्यायालयासमोर जोडलेल्या दोन बाळांचं प्रकरण आलं. वेगळं केलं तर एक जगण्याची आशा, दुसरी नक्की जाणार. नाही केलं तर काही महिन्यांत दोघीही. आईबापांचा नकार होता. न्यायालयानं परवानगी दिली, एक वाचली. पण तिथं दुबळी मुलगी बहिणीच्या हृदयावर जगत होती आणि वेळ दोघींकडंही नव्हता. टूव्हिक्स ठणठणीत होता. कुणाचं रक्त पीत नव्हता.

ढेकूळ

मॅडम, कुणाचं रक्त पीत नव्हता म्हणता, मग त्याच्या अंगात होतं ते कुणाचं? दोघांचंच ना?

स्टेथो_आणि_चहा

तुमच्या अंगातही आईबापांचंच आहे. तुम्हाला परत पाठवून ते तरुण होणार असतील तर सही करता का?

जुना_खलाशी (नांदेड)

एवढे शिकलेले लोक, पण साधी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. १९९३ ला 'नेक्स्ट जनरेशन' या स्टार ट्रेकच्याच आधीच्या मालिकेत ट्रान्सपोर्टरच्याच घोळानं रायकर नावाच्या अधिकाऱ्याचे दोन रायकर झाले होते. दुसरा आठ वर्षं एका ग्रहावर एकटा अडकून. म्हणजे यंत्राला माणूस दुप्पट करता येतो. टूव्हिक्सची प्रत काढा, एक फोडा, एक ठेवा. तिघंही जहाजावर, भांडण मिटलं. लेखकांनाच ते मिटवायचं नव्हतं, म्हणून कुणी त्या वाटेला गेलं नाही. आणि आता तर ते स्वतःच हसतात. २०२३ ला 'लोअर डेक्स' या स्टार ट्रेकच्या कार्टून मालिकेच्या चौथ्या सीझनचा पहिलाच भाग याच प्रकरणाची टिंगल करणारा.

स्टेथो_आणि_चहा

म्हणजे मारायला आधी एक जन्माला घालायचा. वा.

उदगीरचा_पोऱ्या

झेरॉक्स ठेवा आन् ओरिजिनल बोर्डात जमा करा 😄

सात_ते_दहा (जालना)

तुमचं चालू द्या, पण मला एक सांगा, मराठी वाहिनीवर असा एक तरी भाग कधी लागला? आमच्या घरी सात ते दहा रिमोट आईकडं. तिथं मेलेली बाई दुसरं तोंड लावून परत येते, सासू तिला ओळखत नाही, ते सगळ्यांना पटतं. नारळीकर सर जन्मभर मराठीत विज्ञानकथा लिहीत राहिले, तरी वाहिन्यांची गाडी मंगळसूत्राच्या पुढं सरकत नाही. मी जरा ट्रान्सपोर्टर म्हणालो तर आई म्हणते, ट्रॅव्हल्सचं काय काढलंस आता.

जुना_खलाशी

धागा कशाचा, बोलता काय.

नाथसागर_तळ (पैठण तालुका)

दोन दिवस नुसतं वाचत होतो. लिहिणार नव्हतो. पण "ज्याची जागा त्याला" हे वाचलं आणि राहवलं नाही.

दोघांसाठी एक, शंभरासाठी दहा, हे गणित मला कुणी टीव्हीवर शिकवायची गरज नाही. १९६५ ला शास्त्रीजींनी जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ ला इंदिराबाईंनी लोकार्पण. मधल्या काळात आमचं गाव उठलं. माझ्या आबांना नोटीस आली, मोजणी झाली. विहीर धरली, आंबे मोजले, घराचे खण मोजले. जाता का, असं कुणी विचारलं नाही. कधी जाता, एवढंच. नवीन गावठाणात खाली मुरूम, वर ऊन. आबा एकरी किती मिळाले ते शेवटपर्यंत सांगायचे नाहीत. विचारलं की तंबाखू मळायला घ्यायचे.

अजूनही उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की आम्ही गाळपेर करायला, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरायला जातो. स्वतःच्याच रानात, परवानगी काढून. पाणी फार उतरलं तर देवळाचा चौथरा उघडा पडतो. आजी होती तोवर ती तिथं नारळ फोडायची. चिखलात पाय रुतायचे, पण हटायची नाही.

म्हणून टूव्हिक्स जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथं) सगळ्यांपुढं गयावया करतो ना, तो प्रसंग मी तीनदा मागं घेऊन पाहिला. मला जेनवेचा तेवढा राग येत नाही. बसलेल्यांचा येतो. काल याच्या हातचं जेवलेले लोक. एकाच्याही तोंडून शब्द फुटत नाही. तो जाताना त्यांना माफ करतो म्हणतो, तेव्हासुद्धा नाही.

ढेकूळ

तुमचं गाव गेलं याचं वाईट वाटतं. पण धरणाचा आणि टूव्हिक्सचा संबंध काय? आणि लावायचाच असेल तर पूर्ण लावा. डावा कालवा २०८ किलोमीटर आहे, आणि त्याच्या टेलला, शेवटच्या टोकाला आम्ही. माझ्या आज्जानं १९७२ ला दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. कालवा आल्यावर आमच्या रानात पहिल्यांदा भरवशाचा गहू झाला. माझं शिक्षण त्या गव्हावर झालं. धरण झालं नसतं तर बरं झालं असतं, असं माझ्या तोंडावर म्हणून दाखवा.

नाथसागर_तळ

तसं मी कुठं म्हणालो? दाखवा कुठल्या ओळीत. तुम्हाला गहू मिळाला, आम्हाला दाखला. प्रकल्पग्रस्ताचा. पाच टक्के आरक्षण आहे म्हणे. तीन पिढ्यांत आमच्या घरात त्याच्यावर एकच नोकरी लागली, शिपायाची. आणि तुम्ही इथं येऊन दोघं वाचले, दोघं वाचले करताय. वाचणारा नेहमी टेललाच कसा असतो हो?

ढेकूळ

टेलला असतो म्हणजे काय? या एकदा आवर्तनाच्या वेळी. वरचे दारं मोडून पाणी घेतात, आमच्यापर्यंत पोचतो तो ओलावा. रात्री दोनला बॅटरी घेऊन चारीवर बसतो मी. फुकट खाल्ल्यासारखं बोलू नका.

मुळाकाठ

दोघंही भांडा, पाणी मात्र आमचं. ऑक्टोबरात जायकवाडी ६५ टक्क्यांखाली दिसलं की वरची आमची धरणं उघडायची, उघडा मुळा, उघडा दारणा, उघडा गंगापूर. आमचं गाव नाही का गेलं मुळा धरणात? आमचा टूव्हिक्स कोण?

ढेकूळ

आला. कुणीतरी येणारच होतं. २००५ चा कायदा आहे, समन्यायी म्हणतात त्याला, वरच्या-खालच्यांनी पाणी सारखं वाटून घ्यायचं, वाचा. वर ऊस आणि खाली तहान असं चालणार नाही.

मुळाकाठ

परभणीत ऊस नाही का?

ढेकूळ

आहे. गप बसा.

उदगीरचा_पोऱ्या

तुमच्याकडं भांडायला तरी पाणी हाय राव. २०१६ ला लातूरला मिरजेवरनं रेल्वेनं पाणी आलतं, टाक्या भरभरून. त्याच्या आधी पाणी भरायच्या जागी १४४ कलम लावलतं, पाचजण मिळून उभारायचं नाही. मी मावशीकडं होतो, दोन कॅन घेऊन उभारलो, पोलीस म्हणतो पांगा. कुठं पांगू, घागर हाय का पाखरू? आता मला सांगा, मिरजवाल्यांना कुणी विचारलतं का? त्यांनी दिलं. आम्ही प्यालो. मी तवा टूव्हिक्सचा इचार केला नाही, खरं सांगतो. तहान लागल्यावर माणूस जेनवेच होतंय.

जुना_खलाशी

हे मात्र पोऱ्या बरोबर बोलला. मला पटलं असं समजू नका.

स्टेथो_आणि_चहा

आपण ट्रान्सपोर्टरमध्ये शिरलो आणि धरणात उतरलो. असू द्या. नाथसागर दादा, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या आबांना तेव्हा कुणी नीट बसून विचारलं असतं, तर ते काय म्हणाले असते?

नाथसागर_तळ

हो म्हणाले असते. १९७२ त्यांनीही काढला होता ताई, जनावरं विकून. खाली पाणी गेलं पाहिजे हे त्यांना कळत होतं. म्हणून तर जास्त लागतं.

ढेकूळ

मग आता माझं ऐका. जेनवेनं टूव्हिक्सला समोर बसवून विचारलं होतं. तो नाही म्हणाला. सरळ नाही. तुमच्या आबांनीही तसंच नाही म्हटलं असतं तर? धरण करायचं का नाही करायचं? हो किंवा नाही, एका शब्दात.

उदगीरचा_पोऱ्या

आता कामून गप झालाव?

स्टेथो_आणि_चहा

थांबा की. जेवायला गेले असतील.

नाथसागर_तळ

जेवायला नव्हतो गेलो. मोटर बघायला गेलो होतो, बिघडलीय.

करायचं. घ्या. मिळाला शब्द?

पण मग ज्यानं ठरवलं त्यानं आमच्या दारात येऊन उभं राहायचं होतं. डॉक्टर नाही म्हटल्यावर त्या बाईनं दुसऱ्या कुणाला पुढं केलं नाही, बटण दाबायला शिपाई शोधला नाही. त्याच्या डोळ्यांत बघून स्वतः केलं. आमच्या गावात आलेला माणूस हातात फक्त मोजायची फीत घेऊन आला होता. आबांनी त्याला ताक पाजलं. त्याला तरी काय माहीत होतं बिचाऱ्याला.

ढेकूळ

म्हणजे शेवटी माझ्याच बाजूला आलात.

नाथसागर_तळ

अजिबात नाही. खून तो खूनच.

ढेकूळ

असू दे ना. मी कुठं खून नाही म्हणालो? वर जाऊन वाचा, एकदाही म्हटलेलं नाही. फक्त त्या पाणी न पिणाऱ्या भावाला हे सांगू नका.

नाथसागर_तळ

तो राहतो कुठं ते आधी विचारा. संभाजीनगरला असेल तर आमचंच पितोय.