पिवळ्या गुलाबाची पिवळी पानं
गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडली की पाणी वाढवा, असा सल्ला बरेचदा देतात, तो मला पटत नाही. आधी शेंड्याचं पान हातात घेऊन बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुतेक वेळा लोह कमी पडतंय. आमच्या लातूरकडे काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड. त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मी पाणी वाढवत गेलो आणि सहा वर्षांचं झाड मुळं कुजून गेलं. अजून चुटपुट लागते. पुढच्या झाडाला शेणखत-वाळूचं हलकं मिश्रण केलं, चिलेटेड लोह (मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह) दिलं आणि पन्हाळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी घातलं, तेव्हा कुठे नवी पालवी हिरवीगार आली.

पिवळ्या गुलाबांच्या पानांवर काळ्या ठिपक्यांचा बुरशीरोग जास्त पडतो, असं म्हणतात, ते मात्र अगदी खरं. 1900 साली गुलाबांच्या नव्या जाती तयार करणारे फ्रान्सचे पेर्ने-दुशे यांनी ‘सोलेय दोर’ हा गुलाब आणला, त्यात रोझा फेटिडा या पिवळ्या जातीचा संकर होता. रंगाबरोबर ठिपक्यांची खोडही पुढच्या पिवळ्या गुलाबांत उतरली. हे ठिपके ओल्या पानांवर फैलावतात, म्हणून पाणी बुडाशीच घाला. आणि फूल ऊन चढायच्या आत, बाहेरच्या दोन पाकळ्या सुटल्या की कापा. पितळी तांब्यात एकच ठेवलं तरी सगळी ओसरी दरवळते.