केथनेस आणि सदरलंडला स्वतःची कौन्सिल परत मिळावी का?

उत्तरवाट:
मिळायलाच हवी. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या या दोन्ही काउंट्यांना 1889च्या कायद्याने निवडून दिलेली काउंटी कौन्सिल मिळाली. 1975मध्ये ती गेली, शाळा-रस्ते हायलँड रीजनकडे गेले आणि हाती उरली जिल्हा कौन्सिल. 1996ला तीही बंद. आता गोव्याच्या जवळपास सातपट मुलखाला एकच हायलँड कौन्सिल, मुख्यालय इन्व्हर्नेसला, केथनेसमधल्या विक गावापासून 160 किलोमीटरवर. समोर समुद्रापलीकडच्या ऑर्कनीत साधारण 22 हजार माणसं, तरी 21 सदस्यांची स्वतंत्र कौन्सिल. केथनेसची वस्ती त्याहून जास्तच आहे!

ताळेबंद:
असहमत. ऑर्कनीला 1974च्या खास कायद्याने बंदराचे अधिकार मिळाले, तिथल्या फ्लोटा बेटावरच्या तेल टर्मिनलमुळे गंगाजळी उभी राहिली. केथनेसकडे तसं काय आहे? तिथल्या डाउनरे अणुकेंद्राची शेवटची अणुभट्टी 1994ला बंद झाली. कौन्सिलचा बहुतेक पैसा एडिनबरोच्या स्कॉटिश सरकारच्या अनुदानातून येतो. सदरलंडच्या जेमतेम 13 हजार लोकांसाठी शिक्षण, नियोजन, कायदा, हिशेब अशी सगळी खाती वेगळी उभारायची, तर रस्त्यासाठी काय उरेल? विकच्या रुग्णालयातली प्रसूतिसेवा कमी केल्याचा राग कौन्सिलवर काढू नका. 2016चा तो निर्णय एनएचएस हायलँड या सरकारी आरोग्यसेवेचा, आणि प्रौढांची देखभालही 2012मध्ये त्यांच्याकडेच गेली.

उत्तरवाट:
प्रसूतिसेवेचं मान्य. पण रस्त्याचंच बघा. विकपर्यंतचा मुख्य रस्ता सरकारकडे, पण सदरलंडमध्ये लेर्गहून आल्टनाहारामार्गे टंगला जाणारा ए836 कौन्सिलकडे. एकेरी रस्ता, मध्येमध्ये गाडी बाजूला घ्यायच्या जागा, खाली बऱ्याच ठिकाणी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची दलदलीची माती. लाकडाचे ट्रक कडेवरून गेले की कड तुटते, फटीत पाणी शिरतं, ते गोठून फुगतं आणि डांबर उचललं जातं. वरवर खड्डे बुजवून भागत नाही, आधी चर काढून पाणी वळवावं लागतं. कुठला चर आधी काढायचा, हे इन्व्हर्नेसला बसून ठरवायचं?

वेशीवरचा:
दोघांच्याही मधली पायरी सुटतेय. विक 1589पासून रॉयल बर्ग, म्हणजे राजाच्या सनदेचं स्वशासित शहर, आणि सदरलंडचं डॉर्नोक 1628पासून. बर्गही 1975ला गेले. उरल्या कम्युनिटी कौन्सिल. आपली ग्रामपंचायत निदान घरपट्टी लावते, त्यांना एक पेनीचाही कर लावता येत नाही. बांधकाम परवानगीवर मत द्यायचं, एवढंच. आधी त्यांना थोडा कर आणि चर-खड्ड्यांचं बजेट द्या. शाळा आणि मोठे रस्ते हायलँडकडेच राहू देत.

ताळेबंद:
याला माझी हरकत नाही, पण ते बजेट हायलँडच्याच रस्त्याच्या पैशातून कापणार असाल तर ए836ला आणखी कमी मिळेल.