नाकाबंदीच्या फलकावर ‘उपासमार’ लिहावं का? (गोवा, १९५५ ते १९६१)

पेडणे_ग्रंथघर

१९ डिसेंबरला वाचनालयात मुक्तिदिनाचं छोटं प्रदर्शन आहे. पाच फलक आणि एक काचपेटी. तिसरा फलक अडलाय. सध्याचा मजकूर असा: ‘भारताने सीमा बंद केली, गोव्यात उपासमार झाली आणि सहा वर्षांत पोर्तुगीज सत्ता जेरीस आली.’ समितीतल्या दोघांना हे पटत नाही.

नेमकं काय काय बंद झालं होतं? आणि बंद होतं तर राज्य सहा वर्षं चाललं कसं? काचपेटीत ३० एस्कुदोची (गोव्यातलं तेव्हाचं पोर्तुगीज चलन) नोट, ६ एस्कुदोचं नाणं आणि व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) एक जुना रेडिओ ठेवतोय, त्यांच्या चिठ्ठ्यांवर काय लिहावं तेही सांगा. फलक तीन बाय चार फुटांचा आहे, दीडशे शब्दांच्या वर मावत नाही. लष्करी कारवाईचा नकाशा आजच्या रस्त्यांच्या नकाशावरून गिरवलाय.

खाणवाट

‘उपासमार’ आणि ‘जेरीस आली’, दोन्ही काढा. पहिलं अतिशयोक्त आहे, दुसरं उलटं आहे.

बंद झाली ती जमीन. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर पत्रादेवी, दोडामार्ग, मोले, पोळे हे सगळे रस्ते आवळले गेले. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारी मीटरगेज गाडी थांबली. हा घाव सगळ्यांत मोठा, कारण मुरगाव बंदराचं घाटमाथ्याशी असलेलं नातंच त्या रुळांवर होतं. १ सप्टेंबरला भारताने पणजीतली आपली कॉन्सुलेटही बंद केली.

समुद्र मात्र उघडाच राहिला. तांदूळ ब्रह्मदेशातून, बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून येऊ लागलं. बेळगावची भाजी बंद झाली तेव्हा जहाजातून डबे उतरले. दाबोळीचा विमानतळ १९५५ चाच. तिथून पोर्तुगीज भारताची स्वतःची विमानं कराचीला जात. भारतावरून उडायची सोय नव्हती, म्हणून दमण-दीवलाही समुद्रावरून वळसा.

पैसा कुठून आला? लोखंडाच्या मातीतून. १९५१ साली जपान्यांनी शिरगावच्या खाणीसाठी यंत्रसामग्रीचं कर्ज दिलं होतं, म्हणजे खाणी नाकाबंदीच्या आधीच यंत्रावर येऊ लागल्या होत्या. खनिज ट्रकने नदीकाठी, तिथून बार्जमध्ये (मालवाहू सपाट होडीत), मांडवीतून मुरगावला आणि मोठ्या जहाजात. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी लाटा फुटतात, बार्ज बाहेर काढता येत नाही. मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरायचं. या अख्ख्या वाटेत भारताची हद्द कुठे लागते? कुठेच नाही. म्हणून ती नाकाबंदीने अडली नाही. आधी वर्षाला दहा-बारा लाख टनांच्या आसपास असलेली निर्यात १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या घरात गेली. १९५९ ला मुरगावला जहाजात खनिजाची यांत्रिक भरणीही सुरू झाली. याला जेरीस येणं म्हणत नाहीत.

तेरेखोलपार

वरचं सगळं मान्य, पण एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल गोव्यात मजाच होती. खाणमालकाला नाकाबंदी लागली नाही, पेडण्या-सत्तरीच्या घराला लागली.

गोव्याची निम्मी चूल मुंबईच्या पैशावर पेटायची. तारवटी (जहाजावरचे खलाशी), आचारी, कारकून, सगळे तिकडे. भारतातून गोव्यात पैसे पाठवण्यावर निर्बंध आले आणि ती मनीऑर्डर तुटली. ये-जा परवान्यावर आली. माहेर सावंतवाडीत आणि सासर पेडण्यात असलेल्या बाईला नदीपलीकडचं मर्तिक गाठायलासुद्धा कागद हवा. तेरेखोलची खाडी इतकी अरुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जाते, हे तुमच्या वाचकांना सांगायला नको.

चोरटा व्यापार उलट्या दिशेनेही चाले, हे फलकावर एका ओळीत येऊ द्या. खुल्या आयातीमुळे गोव्यात सोनं आणि परदेशी घड्याळं सहज मिळत. ती रात्री होडीने भारतात जात. ‘बंद’ सीमेवरून माल बाहेर पडत होता, हे शाळकरी पोरांच्या लक्षात राहील.

नाणेघर

काचपेटीबद्दल. ही नोट आणि हे नाणं दोन्ही नाकाबंदीतच जन्मलेली आहेत, त्यामुळे निवड उत्तम.

आधी गोव्यात रुपया होता: १ रुपया म्हणजे १६ टांगे. १ जानेवारी १९५९ पासून एस्कुदो आला, दर १ रुपयाला ६ एस्कुदो. ३०, ६०, ३००, ६०० असल्या विचित्र नोटा का, हे सगळे विचारतात. सहाने भागा: ५, १०, ५०, १०० रुपये. लोकांच्या डोक्यात रुपयाच होता, म्हणून नोटा रुपयाच्या मापाने छापल्या. १०० आणि १००० च्या नोटाही होत्या, पण त्या रुपयात बसत नाहीत (१०० म्हणजे १६ रुपये ६७ पैसे).

नाण्यांचंही तेच. भारतात १९५७ ला नवे पैसे आले होते. १०० सेंताव्होंचा एक एस्कुदो, म्हणून ६० सेंताव्हो म्हणजे बरोबर १० नवे पैसे, ३० सेंताव्हो म्हणजे ५, ३ एस्कुदो म्हणजे आठ आणे, ६ एस्कुदो म्हणजे रुपया. जुना टांगा मात्र साडेसदतीस सेंताव्होचा होतो, तिथे हिशेब फसतो.

चिठ्ठी अशी करा: ‘६ एस्कुदो = १ रुपया.’ नाण्यावर १९५९ दिसेल, नोटेवर बांको नासियोनाल उल्ट्रामारिनो हे बँकेचं नाव. नाणं ब्रासो लावून घासू नका. तांबं-निकेलचं आहे, चकाकी येईल पण वरची बारीक अक्षरं झिजतील. नोट सेलोटेपने चिकटवू नका, फोटोच्या कोपऱ्यांत अडकवा.

लघुलहरी

रेडिओची चिठ्ठी सांभाळून लिहा. ‘याच रेडिओवर मुक्तीचा आवाज ऐकला’ असं लिहिण्याआधी तो सेट त्या काळातला आहे का बघा. मागचं झाकण उघडून व्हॉल्व्हवरचे क्रमांक वाचा. डीके९६, डीएएफ९६, डीएल९६ अशी ‘डी’ने सुरुवात असेल तर बॅटरीवरचा सेट, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासूनचा. अशा सेटला ९० व्होल्टची मोठी कोरडी बॅटरी आणि व्हॉल्व्हमधल्या तापणाऱ्या तारांसाठी दीड व्होल्टची वेगळी लागे. ईसीएच८१, ईएल८४ दिसले तर घरगुती विजेवरचा. दोन्ही चालतील. प्लग मात्र लावू नका. जुने कागदी कपॅसिटर वीज झिरपवतात, ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि शाळेची पोरं समोर उभी असतात.

आता आवाजाबद्दल. हा आवाज म्हणजे सीमेपलीकडून चालणारं भूमिगत रेडिओ केंद्र. त्याचं नाव कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’, पोर्तुगीजमध्ये ‘व्होझ दा लिबेर्दाद’. २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झालं. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला तोही २५ नोव्हेंबरच. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं ते चालवत. ट्रान्समीटर ट्रकमध्ये होता, आंबोलीच्या रानात आणि पुढे कॅसलरॉकच्या बाजूला. गोव्यात वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, त्यामुळे बाहेर काय चाललंय ते कळायची ही एक वाट. १९ डिसेंबर १९६१ ला हेच दोघं विमानातून लाउडस्पीकरवर मुक्तीची बातमी सांगत पणजीवरून फिरले.

मांडवीपार

नकाशा परत काढा. आजच्या रस्त्यांवरून गिरवलात म्हणजे त्यात नेहरू पूल आला असणार. १९६१ ला मांडवीवर पूलच नव्हता, तो १९७१ चा. झुवारीचा १९८३ चा. कोकण रेल्वे तर फारच पुढची. पूल नकाशात असला की सैन्य बेतीला येऊन थांबलं कशाला, हे कुणाला कळत नाही.

क्रम असा: १८ डिसेंबरला पहाटे भारताची १७ इन्फंट्री डिव्हिजन पूर्वेकडून मोल्याच्या वाटेने, ५० पॅरा ब्रिगेड (ब्रिगेडिअर सगत सिंग) उत्तरेकडून. पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा, शापोरा इथले पूल उडवले, पुढे बाणस्तारी आणि बोरीचेही. अडवलं ते लढाईपेक्षा तुटलेल्या पुलांनी आणि नद्यांनी जास्त. संध्याकाळपर्यंत शीख लाइट इन्फंट्री आणि रणगाडे बेतीला, समोर पणजी, मध्ये पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडे गेले. वास्कोला शरणागतीवर सही १९ तारखेला रात्री साडेआठला.

उडवलेले पूल लाल फुलीने दाखवा, तर-फेरीच्या जागा निळ्या ठिपक्याने. एवढ्याने नकाशा बोलका होतो.

‘एकही गोळी न झाडता’ हे वाक्य पाचव्या फलकावर असेल तर खोडा. अंजदीव बेटावर उतरताना नौदलाचे सात जण गेले. आणि ‘जेरीस’बद्दल: पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १४ डिसेंबरला गव्हर्नर वासालो इ सिल्व्हाला शेवटपर्यंत लढायची तार केली होती. जेरीस आलेलं सरकार अशी तार करत नाही. गव्हर्नराने तरी शरणागती पत्करली, त्याबद्दल १९६३ ला त्याला सैन्यातून काढलं.

पेडणे_ग्रंथघर

सगळ्यांचे आभार. पूल होताच नकाशात, खोडला. व्हॉल्व्ह बघितले: ईसीएच८१ आहे. नवा मजकूर:

‘ऑगस्ट १९५५ मध्ये भारताने जमिनीवरची सीमा बंद केली. रेल्वे थांबली, मुंबईहून येणारा पैसा आटला, नाती परवान्यावर आली. समुद्र उघडा होता: तांदूळ ब्रह्मदेशातून आला आणि खनिज जपानला गेलं. झळ लागली ती साध्या घरांना. १९५८ साली रुपया जाऊन एस्कुदो आला.’

नाणेघर

१९५८ नाही, १ जानेवारी १९५९. नाण्यावरचं साल शेजारीच दिसणार आहे, कुणीतरी पकडेलच.