मदत हवी आहे: डायल-अपवरील मेल सर्व्हर, एकाच पेटीत येणाऱ्या मेलचे वाटप कसे करावे?

नमस्कार.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतील एका लहान फाउंड्रीच्या संगणकांचे काम मी पाहतो. कार्यालयात ९ संगणक आहेत आणि इंटरनेटसाठी एक फोन लाइन व एक ५६ के मोडेम, म्हणजे दर वेळी फोन लावूनच (डायल-अप) इंटरनेट जोडावे लागते. अपलोड सेकंदाला ३३.६ किलोबिटच्या वर जात नाही आणि अटॅचमेंट मेलमध्ये बसवताना सुमारे एक-तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २ एमबीचे ड्रॉइंग पाठवायला सर्व सुरळीत असले तरी ११ मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोडेमच्या संगणकापाशी बाकीच्यांची रांग.

म्हणून एका जुन्या पेंटियमवर लिनक्स व पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर) बसवले. आपसातला मेल आता फोनला हात न लावता पोहोचतो. बाहेरचा मेल रांगेत थांबतो आणि दिवसातून पाच वेळा क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारा प्रोग्राम) लाइन जोडली की इंटरनेट सेवादात्याच्या सर्व्हरमार्फत निघतो. सुरुवातीला गरज पडेल तेव्हा आपोआप डायल व्हावे अशी व्यवस्था ठेवली होती, पण रात्रपाळीचा वॉचमन म्हणाला, "साहेब, ते यंत्र रात्रीचं एकटंच फोन लावतंय." चालू राहिलेल्या एका विंडोज संगणकाच्या डीएनएस विचारणेनेसुद्धा (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणे) लाइन उघडत होती.

खरी अडचण येणाऱ्या मेलची आहे. आमच्या डोमेनच्या सर्व पत्त्यांचा मेल सेवादात्याकडे एकाच पॉप पेटीत (जिथून मेल उतरवून घेता येतो) पडतो. तेथून फेचमेल (मेल उतरवणारे सॉफ्टवेअर) तो मल्टिड्रॉप पद्धतीने, म्हणजे एका पेटीतून अनेकांसाठी, उचलते आणि 'टू' व 'सीसी' पाहून वाटते. परंतु आमचा पत्ता 'बीसीसी'त (इतरांना न दिसणारी प्रत) असेल किंवा मेल एखाद्या मेलिंग लिस्टवरून आला असेल, तर त्या ओळींत आमचे नावच नसते. मागच्या आठवड्यात एका ग्राहकाने पॅटर्नमधील (ज्यावरून साचा बनतो तो नमुना) बदल असाच कळवला. तो मेल पोस्टमास्टरच्या खात्यात (पत्ता न जुळलेला मेल तिथे जातो) ४ दिवस पडून राहिला आणि तोवर जुन्या पॅटर्नवर मोल्डिंग होऊन गेले. हल्ली ते खाते मी सकाळच्या चहाआधी उघडतो.

हेडर (मेलच्या वरच्या माहितीच्या ओळी) तपासले. 'डिलिव्हर्ड-टू' किंवा 'एक्स-एन्व्हलप-टू' यांपैकी, म्हणजे मेल मुळात कोणत्या पत्त्यासाठी आला हे सांगणारी, एकही ओळ सेवादाता घालत नाही. 'रिसीव्ह्ड' ओळीत 'फॉर'पुढे पत्ता दिसतो, पण एकच मेल आमच्याकडील दोघा-तिघांना आला असेल तर तोही नसतो, म्हणजे नेमका हवा तेव्हाच.

सेवादात्याने आमचा मेल स्वतःच्या रांगेत धरावा आणि लाइन जोडल्यावर आम्ही ईटीआरएन आज्ञेने तो मागवावा, असा एक मार्ग दिसतो. पण त्यासाठी स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) हवा आणि त्याचे मागितलेले पैसे मालकांना मान्य होणार नाहीत. बदलत्या आयपीसाठी एटीआरएन ही तशीच आज्ञा आहे व फेचमेलला ती येते, परंतु सेवादात्याच्या मदतकेंद्रावर ते नाव कोणी ऐकलेलेही नव्हते.

डायल-अपवर एटीआरएन देणाऱ्या सेवादात्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? नसल्यास, पेटीत टाकताना हेडरमध्ये मूळ पत्त्याची ओळ घाला, ही विनंती सेवादात्याकडे कोणत्या शब्दांत करावी, की सरळ ९ स्वतंत्र पेट्या घेऊन मोकळे व्हावे?