नायकाचा रक्तगट कशाला हवाय?

कोरापान

परवा इथे 'जिवंत पात्रं घडवण्यासाठी साठ प्रश्न' असा धागा आला. जन्मतारीख, रक्तगट, आवडता रंग, लहानपणीचा सगळ्यात मोठा आघात, एक ठळक गुण, एक ठळक दोष. सगळे रकाने भरून झाल्याशिवाय पहिलं वाक्य लिहायचं नाही, अशी वर ताकीद. खाली 'फार उपयुक्त', 'जपून ठेवलं' म्हणून हात जोडणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

साठ रकाने भरून जे तयार होतं त्याला पात्र म्हणत नाहीत, अर्ज म्हणतात.

मी हे करून पोळलोय. पहिल्या कादंबरीच्या वेळी नायकाचं बत्तीस पानी बाड केलं होतं. त्याच्या आजोबांचा स्वभावसुद्धा ठरलेला. आणि लिहायला बसलो की हा गडी खुर्चीतून उठेना. उठेल कशाला? त्याला काही हवंच नव्हतं. त्याच्याबद्दल मला सगळं ठाऊक होतं, फक्त आज सकाळी त्याचं घोडं कुठे अडलंय तेवढं सोडून.

पुढे एका कथेत एक म्हातारा आला. आधी लिहिलं, 'अण्णा स्वभावाने कंजूष होते.' मेलेलं वाक्य. खोडलं. मग लिहिलं, की आलेल्या पत्रांचे कोरे भाग अण्णा कात्रीने कापून टाचणीला लावून ठेवतात आणि रोजचा हिशेब त्यावरच करतात. बरं वाटलं, पण म्हातारा अजून नुसता कंजूषच. मग भाऊ गेल्याचं कळवायची वेळ आली. अण्णांनी कपाटातून अख्खा कोरा कागद काढला, वर दोन ओळी लिहिल्या आणि खालचा भाग न कापता तसाच घडी करून पाकिटात घातला. हे मी ठरवलेलं नव्हतं. साठांपैकी कुठल्या रकान्यात बसतं हे, सांगा.

आणि असा तक्ता साहित्यात होऊनही गेलाय. १८८७ सालची शेरलॉक होम्स या गुप्तहेराची पहिली कादंबरी काढा. त्याचा मित्र वॉटसन चक्क यादी करतो: होम्सचं साहित्याचं ज्ञान शून्य, तत्त्वज्ञानाचं शून्य, खगोलशास्त्राचं शून्य. १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत हाच होम्स जर्मन कवी ग्योथेचं वचन तोंडावर फेकतो. तक्ता खुद्द लेखक डॉयलनेच मोडला. होम्सचं काय वाकडं झालं?

टाचणवही

तो धागा माझा. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं, मी काही मिठाची बाहुली नाही.

होम्सचं सोयीचं तेवढं काढलंत. त्याच दोन पुस्तकांत वॉटसनला गोळी कुठे लागली? पहिल्यात खांद्याला, दुसऱ्यात पायाला. पुढे एका कथेत त्याची बायको त्याला, म्हणजे जॉनला, जेम्स म्हणून हाक मारते. लोक अजून त्यावर वाद घालतात. डॉयल होता म्हणून खपलं. मी क्रमशः लिहिते. नवव्या भागात मोठी असलेली बहीण एकतिसाव्या भागात धाकटी झाली, आणि वाचकांनी दोन्ही भागांतली वाक्यं शेजारी शेजारी चिकटवून मला दाखवली. सलग पाच दिवस. प्रश्नावली त्यातून आली, हौसेतून नाही.

आणि अण्णांनी कोरा कागद काढला तो आधी चिठोरे कापत होते म्हणूनच ना? म्हणजे तक्ता होताच. तुमचा डोक्यात, माझा वहीत. एवढाच फरक.

तिरकामठा

दोघंही गाडीपुढे गाढव जुंपताय. पात्र बोलतं कसं ते बघा आधी. हल्ली कुठलंही हस्तलिखित उघडा: सातवीतली मुलगी, तिचा बाप आणि घरफोड्या, तिघंही एकाच प्राध्यापकाच्या तोंडाने बोलतात. पूर्ण वाक्यं. आणि विचारलं असेल त्याचंच उत्तर! 'जेवलास का?' ला 'तुझा फोन लागत नव्हता' असं म्हणणारं पात्र मला दाखवा, मी त्याचा रक्तगट मागणार नाही.

आणि आरशासमोर उभं राहून स्वतःचं वर्णन करणाऱ्या नायिका कृपया थांबवा. लोक आरशात दातात अडकलेलं बघतात.

टाचणवही

गाडीपुढे गाढव असतंच हो. म्हण तरी नीट मोडा.

रात्रपाळी

इतका खल कशाला? आजूबाजूची माणसं उचला. देवाने रकाने भरूनच पाठवलीत.

माझी एक मावशी बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायची. तिसऱ्यांदा ओढताना पुटपुटायची, 'आता गेलं तर गेलं.' तशीच्या तशी कथेत घातली. नाव बदललं, गाव बदललं, नवरा बदलला. कथेला बक्षीस मिळालं. मावशीने अंक वाचला आणि पुढची दोन वर्षं माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण पात्र बघा कसं उभं राहिलं!

अडखळ

मावशीला विचारलं होतंत?

रात्रपाळी

विचारून लिहितात का कधी? प्रत्येकाची सही घेत बसलो तर फक्त भुतांच्या कथा उरतील. लेखकाच्या घरात वावरायचं तर एवढी जोखीम आलीच.

अडखळ

तिने लेखक जन्माला घातला नव्हता, तिचा भाचा लेखक निघाला. जोखीम तिची कशी?

मी सहसा नुसता वाचतो, लिहीत नाही. पण आता लिहितोच. मी बोलताना अडखळतो. कॉलेजातल्या एका मित्राने मला एकांकिकेत घातलं होतं. मी न सांगता बघायला गेलो. पात्राचं प्रत्येक वाक्य तुटक, पहिलं अक्षर चार-चारदा, आणि प्रत्येक वेळी हशा. प्रयोगानंतर त्याने खांद्यावर हात टाकून विचारलं, 'ओळखलंस का?'

आता यातली गंमत ऐका. 'प' वर अडतं म्हणून मी 'पाणी' म्हणतच नाही. 'जरा तहान लागली' म्हणतो. फोनवर स्वतःचं नाव सांगायच्या आधी खोकतो. एक अवघड शब्द चुकवायला अख्खं वाक्य फिरवतो, त्यामुळे लोकांना मी फार विचार करून बोलतो असं वाटतं. दोन वर्षं शेजारी बसून यातलं एकही त्याला दिसलं नाही. त्याने माझी जीभ नेली, मी काय बोलतो ते तिथेच टाकून गेला. मला वापरल्याचा राग नाही. इतका स्वस्तात वापरला, त्याचा आहे.

रात्रपाळी

तो मित्र वाईट लेखक होता. त्याचं पाप माझ्या माथी कशाला? उद्या कोणीही उठून 'हा मीच' म्हणेल.

अडखळ

मावशीनेही तेच म्हटलं. आणि ती तीच होती.

रात्रपाळी

माझ्या घरातलं मी बघून घेईन. तुम्ही न्यायाधीश कधीपासून?

पुसट

हमरीतुमरीवर याल ते याच, पण हा तंटा जुना आहे. १८४९ मध्ये डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफिल्ड' ही कादंबरी महिन्याच्या महिन्याला छापून येत होती. तीत मिस मावचर नावाची बुटकी, जराशी खटपटी बाई येते. डिकन्सच्या शेजारच्या, तशाच ठेंगण्या एका बाईंनी स्वतःला ओळखलं आणि त्याला दुखावलेलं पत्र धाडलं. डिकन्सने चूक कबूल केली आणि पुढच्या हप्त्यांत त्या पात्राचा रोखच बदलला. शेवटी तीच कादंबरीतल्या एका बदमाश नोकराला पकडून देते.

रात्रपाळी

म्हणजे घाबरला. पहिली मावचर चटपटीत होती, दुसरी हळदीकुंकवाला आल्यासारखी गुळमुळीत.

पुसट

मला उलट वाटतं. पत्र आल्यावर त्याने पहिल्यांदा तिला आतून बघितलं. दुसऱ्यांदा भेटते तेव्हा ती स्वतःच सांगते, की लोक मला खेळणं समजतात. ते वाक्य पत्राशिवाय आलं असतं असं वाटत नाही.

तिरकामठा

संवादांचं कोणी बोलायला तयार नाही, चालू द्या.

कोरापान

माझा धागा पात्रं कशी घडवायची यावर होता, कोणाची उचलायची यावर नाही. पण अडखळ, तुमचं ते 'जरा तहान लागली' मी दोनदा वाचलं. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने १९२७ मध्ये सपाट आणि गोलाकार अशी पात्रांची वाटणी केली. पटेल असा धक्का देता आला तर पात्र गोलाकार, ही त्याची कसोटी. मित्राच्या पात्राने हशाच्या भीतीने एक शब्द चुकवला असता तरी ते पार झालं असतं. (हे मी उचलत नाहीये. विचारल्याशिवाय तर नाहीच.)

टाचणवही, तुमच्यासाठी अर्धं पाऊल मागे. काल जुनी कथा काढून बघितली. अण्णांचा भाऊ पान चारवर थोरला आहे, पान अकरावर धाकटा. आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वयाचा तक्ता करीन. रक्तगट लिहिणार नाही.

टाचणवही

पान चार आणि पान अकरा! माझे निदान बावीस भाग मध्ये गेले होते. साठ प्रश्नांतले पन्नास उडवते. आघाताचा रकाना मीही कधी भरलेला नाही, तो दुसरीकडून उचलला होता.

रात्रपाळी

उचलला? परवानगी घेतली होतीत का?

नवीनच

एक शंका. माझ्या कथेत मुलगा बापाला रक्त द्यायला जातो आणि तिथेच कळतं की तो त्यांचा मुलगा नाही. मग रक्तगट लिहायचा की नाही?