मॅनेजर गेम पहिल्यांदाच खेळणार आहे, सुरुवात कुठून करू?

विश्रामबाग_११
भावांनो एक विचारायचं होतं. क्रिकेट लहानपणापासून बघतोय, फुटबॉल पण रात्री जागून बघतो, पण बटणं दाबून गोल मारायच्या गेमचा आता कंटाळा आलाय, मला टीम चालवायचीय, म्हणजे कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, कुणाला विकायचं असलं सगळं. मित्राकडं फुटबॉल मॅनेजर उघडून बघितलं तर नुसते आकडे आणि ढीगभर मेल, अर्धा तास बसलो तरी एक मॅच झाली नाही. लॅपटॉप कॉलेजचा आहे, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. पैसे घालायच्या आधी कळायला पाहिजे हे आपल्याला आवडतंय का. सांगलीत कोण खेळतं का हे?

माधवनगरकर
खेळतो की. फुटबॉल मॅनेजर लगेच घेऊ नको. क्रिकेट कळतं ना तुला, मग क्रिकेट कॅप्टनपासून चालू कर, मोबाईलवर पण आहे आणि साध्या लॅपटॉपवर पण पळतं. १९९८ पासूनची सिरीज आहे, दिसायला साधी पण आत लै डोकं लागतं. बॅट्समन किती जोरात खेळणार ते तू ठरवायचं. नवीन आलेला सेट नसतो, तो किती सेट झालाय ते बारवर दिसतं, बार हळूहळू भरतो, आणि त्याच्या आत तू आक्रमकपणा वाढवलास की गेला. पहिल्या टेस्टला मी हेच केलं, चहापर्यंत सगळी टीम तंबूत. दुसऱ्या इनिंगला ओपनरला नवा बॉल जुना होईपर्यंत दाबून ठेवला, मग बार भरेल तसं एकेक पायरी वाढवली, पठ्ठ्यानं दिवस खेळून काढला. त्या दिवशी कळलं हा गेम कशाचा आहे ते. १९५२ ला मद्रासला इंग्लंडला हरवून भारतानं पहिली टेस्ट जिंकली तेव्हा कॅप्टन विजय हजारे, आपल्या सांगलीचे, त्यांच्या गावच्या पोरानं कॅप्टनसीपासूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

मिरजेचा_स्टॉपर
दादाचं बरोबर आहे पण फुटबॉलचं वेड असेल तर फुटबॉल मॅनेजरसाठी थांबायची गरज नाही. आम्ही कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहारच्या मॅच बघत वाढलो, मला क्रिकेटच्या गेममध्ये जीवच रमला नाही. फक्त नवीन सेव्ह, म्हणजे पहिल्यापासून नवा डाव, चालू करताना एकाच देशाची लीग लोड कर, डेटाबेस म्हणजे गेममधल्या खेळाडूंची यादी छोटी ठेव, तुझ्या लॅपटॉपला तेच झेपेल, आणि सगळ्यात नवीनच्या मागं न लागता जुनं व्हर्जन बघ. ट्रेनिंग, पत्रकार परिषद सगळं असिस्टंटकडं दे, निम्मे मेल तिथंच कमी होतात. तू फक्त टीम निवड, डावपेच ठरव आणि मॅच बघ. फॉर्मेशन आपल्या आवडीचं नाही, आहेत त्या पोरांना जमेल ते. विंगर नसतील तर विंगवरून खेळायचा हट्ट कशाला. प्रत्येक गुण १ ते २० मध्ये असतो, सगळे वाचत बसू नको, स्टॉपरचं हेडिंग, मार्किंग, पोझिशनिंग बघ, पुढं आपोआप नजर बसते.

आणि पहिल्या सीझनला खरेदी टाळ हे हात जोडून सांगतो. मी इंग्लंडच्या खालच्या लीगमधला क्लब घेऊन पहिल्याच महिन्यात सहा जण आणले, पगाराचं बजेट संपलं, ती पोरं एकमेकांना ओळखेपर्यंत आम्ही तळाला, जानेवारीत बोर्डानं काढलं. दोन रात्री वाईट वाटत होतं. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, घेतलंस तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात, पण दोन तास या गेमला काहीच नाहीत, त्यावर फार विसंबू नको.

हळदीगावची
पैसेच घालायचे नसतील तर ब्राउझरमधलं बास्केटबॉल जीएम बघ, फुकट आहे, डाउनलोड पण नाही. बास्केटबॉल फार कळत नसलं तरी चालतं. एका संध्याकाळी अख्खा सीझन होतो, त्यामुळं आज केलेल्या ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, परिणाम आजच दिसतो, नवशिक्याला हे फार महत्त्वाचं आहे. पगाराची मर्यादा असते, एका स्टारला सगळे पैसे दिले की बेंच रिकामा, हे मी तिथं शिकले. हॅट्रिक म्हणून १९९७ पासूनचा स्वीडनचा ऑनलाइन फुटबॉल गेम आहे, तो पण फुकट, पण तिथं समोर खरी माणसं असतात आणि सगळं खऱ्या दिवसांच्या हिशोबानं चालतं, आठ टीम, १४ लीग मॅच, सीझन १६ आठवड्यांचा. नोकरी सांभाळून मला तोच बरा पडतो, दुसरी शिफ्ट संपली की दहा मिनिटं लाइनअप लावायची. तुला धीर नसेल तर नको.

विश्रामबाग_११
धन्यवाद सगळ्यांना, ताई आज रात्री बास्केटबॉल जीएमच उघडतो, आवडलं तर पुढच्या महिन्यात क्रिकेट कॅप्टन. एकच शंका, सलग चार-पाच मॅच हरलो तर नवीन सेव्ह करू का?

मिरजेचा_स्टॉपर
अजिबात नको भावा. हरलेली एक मॅच पूर्ण बघ, हायलाइट्स नाही, पूर्ण. गोल कुठल्या बाजूनं खातोयस ते वहीत लिही. माझे सगळे डाव्या बाजूनं यायचे, डाव्या बॅकला पुढं पळायचं थांबवलं आणि पुढच्या तीन मॅचमध्ये एकच खाल्ला.